चार फुटी टाकीला संप आणि रिटर्न पंप: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

माशांच्या टाकीचं पाणी खाली स्टँडमधल्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरवून गाळायचं आणि रिटर्न पंपाने परत वर चढवायचं, अशी ही जोडणी. टाकी बाहेरून १२० × ४५ × ५० सेंमी, काच १० मिमी. संप ७५ × ३५ × ४० सेंमी, काच ६ मिमी. गोडं पाणी. टाकी अजून रिकामी आहे, त्यामुळे मागच्या काचेला भोकं पाडूनच ओव्हरफ्लो, म्हणजे वरचं पाणी आपोआप संपमध्ये उतरायची वाट, करायचा. काठावर अडकवायचे सायफन-नळीचे बॉक्स मिळतात, त्यात भोकाची कटकट वाचते. पण वीज जाऊन आली की नळीत हवा अडकून सायफन तुटू शकतो आणि पंप मात्र वर पाणी ओतत बसतो. ते दुखणं नको.

हत्यार हातात घेण्याआधी दोन आकडे काढून स्टँडच्या दाराला आतून मार्करने लिहिले. टाकीत १ सेंमी पाणी म्हणजे ५ लिटर. संपमध्ये १ सेंमी म्हणजे २.४ लिटर (मधल्या काचांची जाडी वजा करून). पुढे जे काही बिघडलं त्याचा उलगडा या दोन आकड्यांनीच झाला, म्हणून आधी हे लिहा.

टाकीत भरल्यावर सुमारे २३० लिटर पाणी राहील. तासाला पाच ते सात वेळा पाणी संपमधून फिरावं असं धरलं तर ११५० ते १६०० लिटर लागतात. पंप घेतला तो डब्यावर ताशी ३००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर लिहिलेला. हा ३००० चा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा. संपमधल्या पाण्यापासून टाकीतल्या नॉझलपर्यंत उभं अंतर ११० सेंमी आहे, वर पाइप आणि एल्बोचं घर्षण. निम्मं मिळालं तरी पुरे, या हिशेबाने घेतला.

५ जानेवारी

काच टफन्ड आहे का ते पाहिलं. टफन्ड काचेला भोक पडत नाही, ड्रिल टेकवताच तिचा चुरा होतो. काचेच्या मागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन लावायचा आणि पुढून पोलराइज्ड गॉगल फिरवत बघायचं. टफन्ड असेल तर ढगाळ डाग किंवा पट्टे दिसतात. मागची काच स्वच्छ निघाली, तळाच्या काचेत डाग दिसले. तळाला भोक पाडायचा बेत असता तर टाकी गेली होती.

ओव्हरफ्लो दोन पाइपांचा, म्हणजे हर्बी पद्धतीचा. एक पाइप पूर्ण भरून सायफनने वाहणार आणि त्याच्यावर गेट व्हॉल्व्ह, म्हणजे प्रवाह बारीक कमी-जास्त करायची झडप. दुसरा आणीबाणीचा, त्याचं तोंड उंचावर आणि त्यावर व्हॉल्व्ह नाही. तीन पाइपांची बीन अ‍ॅनिमल पद्धत याहून निर्धास्त आहे, पण भोकांपुढे टाकीत आतून बसणाऱ्या ३० सेंमीच्या बॉक्समध्ये तीन एल्बो फिरत नाहीत.

११ जानेवारी

भोकं पाडली. दोन्ही पाइपांसाठी १ इंची टँक निपल, म्हणजे काचेतल्या भोकातून पाइप नेणारा, नटाने आवळायचा जोड. त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजला आणि त्यावरून ४५ मिमीचा डायमंड होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) घेतला. पाकिटावरच्या मापावर जाऊ नका, निपल हातात आल्यावरच होल सॉ घ्या. भोकांचे मध्य वरच्या काठापासून १४ सेंमी खाली, एकमेकांपासून १४ सेंमी लांब. भोकाची कड आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर हवं. इथे ते भरपूर आहे.

टाकी पालथी, मागची काच वर येईल अशी जाड फोमवर आडवी ठेवली. प्लायच्या तुकड्यात त्याच होल सॉने भोक पाडून तो तुकडा दुहेरी टेपने काचेवर चिकटवला, म्हणजे सुरुवातीला सॉ घसरत नाही. भोवती मुलांच्या खेळायच्या मातीचं आळं करून त्यात पाणी भरलं. ड्रिलचा हॅमर बंद आहे ना हे दोनदा बघितलं. वेग कमीत कमी, दाब फक्त ड्रिलच्या स्वतःच्या वजनाचा. पांढरट गाळ साचला की पाणी बदलायचं.

पहिल्या भोकाला १८ मिनिटं लागली, कड सुरीसारखी स्वच्छ. दुसऱ्याला ११ मिनिटं लागली आणि तिथेच चूक झाली. पहिलं नीट जमल्याच्या खुशीत शेवटच्या मिलिमीटरला हात जड झाला आणि काचेच्या आतल्या बाजूचा ४ मिमी रुंद कपचा उडाला. निपलच्या पाळीखाली रबराचा वॉशर भोकाच्या कडेपासून ८ मिमीपर्यंत बसतो, म्हणून कपचा झाकला गेला. तो वॉशरच्या बाहेर आला असता तर काचच बदलावी लागली असती. आतल्या बाजूने जाड टेप लावून ठेवली की कपचा कमी उडतो. पहिल्या भोकाला ती लावली होती, दुसऱ्याला कंटाळा केला.

१२ जानेवारी

ओव्हरफ्लो बॉक्स काचेचाच केला, रुंदी ३०, खोली १०, उंची २० सेंमी. काळं अ‍ॅक्रिलिक दिसायला छान, पण त्याला सिलिकॉन नीट धरत नाही. बॉक्सची कड टाकीच्या काठापासून ४.५ सेंमी खाली. समोरची आणि दोन्ही बाजूंची मिळून ५० सेंमी लांबीवरून पाणी आत पडेल. ताशी १६०० लिटरला कडेवर पाण्याची जाडी सुमारे ६ मिमी येते. कडेला दाते पाडले असते तर निम्मी लांबी गेली असती आणि तीच जाडी १० मिमी झाली असती. दाते पाडले नाहीत, लहान मासे आत जाऊ नयेत म्हणून वर जाळीची पट्टी बसेल.

बॉक्स चिकटवण्याआधी निपल आणि एल्बो घालून, एल्बो पूर्ण गोल फिरतो का ते बघा. इथे समोरच्या काचेपासून ६ मिमी फट उरली. दोन सेंमी कमी खोलीचा बॉक्स केला असता तर एल्बो पुढे कधीच काढता आला नसता.

संपच्या मधल्या काचाही आजच लावल्या. पाणी पडायचा कप्पा १८ सेंमी, मीडियाचा (पाणी गाळायच्या सामानाचा) २२, मग बुडबुडे अडवायला तीन काचांचा बबल ट्रॅप, शेवटी पंपाचा कप्पा. ज्यांच्यावरून पाणी जातं त्या काचा २५ सेंमी उंच. मधल्या काचा संपच्या आतल्या रुंदीपेक्षा ४ मिमीने कमी कापून घेतल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकॉनला २ मिमी जागा राहते. बरोबर मापाने कापलेली काच आत जाताना बाजूचं सगळं सिलिकॉन खरवडून काढते. सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलं, साधं. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विष आहे.

बबल ट्रॅपच्या फटी २ सेंमीच्या ठेवल्या. याचं पुढे भोगलं.

१८ जानेवारी

अख्खा दिवस वाया गेला. पाइप आणले ते ३२ मिमीचे आणि फिटिंग १ इंची. दोन्ही ‘एक इंची’ म्हणूनच मागतात आणि तसेच मिळतात. पण मिलिमीटर मालिकेतल्या पाइपचा बाहेरचा व्यास ३२ मिमी असतो आणि इंच मालिकेतल्या १ इंची पाइपचा ३३.४ मिमी. ३२ चा पाइप १ इंची एल्बोत खुळखुळतो. सॉल्व्हंट सिमेंटने ही फट भरून निघेल असं वाटतं. निघत नाही, ते सिमेंट म्हणजे भरण नव्हे, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं. तीन मीटर पाइप वाया गेला. आता पाइप, एल्बो, युनियन (न कापता उघडता येणारा जोड), निपल, व्हॉल्व्ह सगळं इंच मालिकेतलं, आणि प्रत्येक नगावर कॅलिपर लावूनच घेतलं.

गेट व्हॉल्व्ह प्लास्टिकचा, आतला दांडाही पाण्यात धातू न येणारा. पितळी व्हॉल्व्ह सहज मिळतो, पण पितळेत तांबं असतं आणि टाकीत पुढे कोळंबी सोडायची आहे, तिला तांबं सोसत नाही. बॉल व्हॉल्व्ह इथे चालत नाही. त्याची मूठ चिमूटभर हलली की प्रवाह हातभर बदलतो.

१९ जानेवारी

सगळी जोडणी आधी कोरडी करून पाहिली. संपच्या पाण्यापर्यंत पाइप अगदी मापात उतरला, म्हणून सांधे सिमेंटने चिकटवायला घेतले. चौथ्या सांध्यानंतर लक्षात आलं की सगळी ओळ वर ओढली जातेय. कोरडा पाइप फिटिंगच्या तळापर्यंत जात नाही, मध्येच घट्ट होऊन थांबतो. सिमेंट लावल्यावर तो तळापर्यंत सरकतो. दर सांध्याला ६ ते ८ मिमी आखूड होतं. चार सांध्यांचे मिळून जवळजवळ ३ सेंमी झाले आणि निपल काचेत वाकडा ओढला गेला. ती अख्खी ओळ कापून टाकली. दोन एल्बो आणि एक युनियन कचऱ्यात.

दुसऱ्या खेपेला फिटिंगच्या खोबणीची खोली मोजून पाइपवर तितक्या अंतरावर पेन्सिलने रेघ मारली. पाइप रेघेपर्यंत गेला की माप खरं. कापलेली कड कानशीने आत-बाहेर साफ केली, सिमेंट दोन्ही भागांना लावलं, पाइप आत ढकलताना पाव वळसा दिला आणि ३० सेकंद दाबून धरला. धरला नाही तर तो हळूच बाहेर सरकतो आणि आपल्याला कळतही नाही. प्रत्येक निपलच्या खाली युनियन टाकला आहे. युनियन महाग पडतो हे खरं, पण त्याशिवाय पहिल्याच सफाईला आरी घ्यावी लागते.

सायफनच्या पाइपला ९० अंशाचे एल्बो टाळून ४५ चे घातले. आडवा पाइप कुठेही सपाट नाही, सगळीकडे उतार.

२२ जानेवारी

सिमेंटला दोन दिवस मिळाले. टाकी भोकांच्या वरपर्यंत भरली. उजव्या निपलमधून थेंब. दर मिनिटाला चार.

आधी नट आणखी आवळला. थेंब सहा झाले. मग पाणी उतरवून निपल काढला तेव्हा दिसलं की रबरी वॉशर नटाच्या बाजूला गेला होता. वॉशर पाण्याच्या बाजूला, म्हणजे पाळी आणि काच यांच्या मध्येच हवा. नटाच्या बाजूला लावला की पाणी भोकात शिरून आट्यांच्या वळणांवरून चालत बाहेर येतं, ते वॉशर अडवू शकत नाही. शिवाय नट फिरवताना रबर पिळवटतं. दोन्ही बाजूंना वॉशर लावणंही चूक, त्याने काही वाढीव अडत नाही. वॉशर आत घेतला, काच आणि रबर पुसून कोरडे केले, नट हाताने घट्ट करून वर पाव वळसा. पान्याने इतकंच. सिलिकॉन लावलं नाही. कोरड्या रबराने जे अडत नाही तिथे कारण दुसरं असतं. फडकं ठेवून रात्रभर सोडलं, फडकं कोरडं.

२५ जानेवारी

पंप पहिल्यांदा चालू केला. रिटर्नला २० मिमीचा पाइप टाकला होता, पंपाच्या तोंडाचं माप तेच म्हणून. नॉझलखाली १० लिटरची बादली धरली, भरायला ३१ सेकंद. म्हणजे ताशी ११६० लिटर. पाइप एक माप मोठा, पाऊण इंची केला, दोन ९० चे एल्बो काढून ४५ चे केले. तीच बादली २२ सेकंदांत भरली, ताशी १६३० च्या आसपास. पंप तोच, वीज तीच. पंपाच्या तोंडाचं माप म्हणजे पाइपचं माप असं समजू नका.

सायफन मात्र सुरू होईना. बॉक्समध्ये पाणी चढायचं, आणीबाणीच्या पाइपात धबधबा सुरू व्हायचा, सायफनचा पाइप नुसता गुडगुड करायचा. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. दीड तास व्हॉल्व्हशी खेळण्यात गेला. दोष खाली होता. पाइपचं टोक संपच्या पाण्यात १२ सेंमी खोल नेलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. पाइपात अडकलेल्या हवेला बाहेर पडायला हे १२ सेंमी पाणी ढकलावं लागतं आणि वरून येणाऱ्या पाण्याला तेवढा जोर नसतो. टोक कापून पाण्याच्या फक्त २ सेंमी खाली आणलं. पंप चालू केल्यावर वीसेक सेकंद खळखळ झाली, मग बुडबुड्यांचा एक लोट बाहेर आला आणि एकदम शांत झालं.

आणीबाणीच्या पाइपचं टोक पाण्याच्या वर ठेवलं आहे. त्यातून जास्त पाणी आलं तर आवाज व्हायलाच हवा.

२६ जानेवारी

ज्या चाचणीसाठी हे सगळं, ती केली. पंपाची वायर काढली आणि संपकडे बघत बसलो. पाणी २५ वर आलं, ३० वर आलं, ३५ वर आलं, थांबेना. वायर परत लावेपर्यंत तीनेक लिटर फरशीवर.

दाराच्या आतले आकडे वाचले तसं कोडं सुटलं. रिटर्नचं नॉझल पाण्याच्या ८ सेंमी खाली होतं, तळाशी प्रवाह चांगला जावा म्हणून. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि नॉझलचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकी खाली ओढतो. ८ सेंमी म्हणजे ४० लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांमधलं ३ लिटर वेगळं. संपच्या पंप-कप्प्यात पातळी १८ सेंमी होती, ती २५ च्या काचांपर्यंत चढायला ६ लिटर पुरतात. उरलेले ३७ लिटर संपभर पसरले तर आणखी साडेपंधरा सेंमी, म्हणजे पातळी ४० सेंमीच्या वर. संपची आतली उंची ३९.४.

सायफन तुटावा म्हणून रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीशी २ मिमीचं भोक पाडलं होतं. पाणी त्याच्याखाली गेल्यावर ते फुसफुसत राहिलं, पण एवढ्याशा भोकातून येणारी हवा वाहत्या पाण्याबरोबर खाली निघून जाते. सायफन तुटत नाही. भोक ६ मिमी केलं तेव्हा तुटला. पण शेवाळ धरलं की ६ मिमीचं भोकही बुजतं. म्हणून भोक नाहीच असं धरून हिशेब केला आणि नॉझल वर घेतलं, तोंड पाण्याच्या २ सेंमी खाली. आता १० अधिक ३, असं १३ लिटर परत येतं. पातळी २८ सेंमीवर थांबली पाहिजे. बोटाने भोक दाबून धरून पंप बंद केला, २८ च्या रेघेवर थांबली.

उलटझडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवला नाही. त्याच्या पडद्यात एक गोगलगाय किंवा पानाचा देठ अडकला की तो नसल्यासारखाच, आणि ज्यांनी त्याच्या भरवशावर संप काठोकाठ भरलेला असतो त्यांच्याकडेच तो अडकतो.

फरशीवर सांडलेलं पाणी विजेच्या बोर्डापासून एक वीत लांब थांबलं होतं. बोर्ड स्टँडच्या बाजूच्या भिंतीवर उंच नेला. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोका देऊन मग वर आणली, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्यातून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे, त्याचं टेस्ट बटण दाबून पाहिलं.

२७ जानेवारी

उरलेल्या दोन चाचण्या. सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, म्हणजे तो पाइप तुंबला असं समजायचं. बॉक्समधलं पाणी आणीबाणीच्या तोंडावर २ सेंमी चढलं आणि तिथे ठरलं. सगळा प्रवाह एकट्या पाइपाने नेला, आवाज भरपूर. ते तोंड बॉक्सच्या कडेपासून ४ सेंमी खाली आहे, म्हणजे अजून २ सेंमी हातात आहेत.

मग दोन्ही बंद केले, आणीबाणीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून. पंप स्वतःचा कप्पा उपसत गेला, पातळी १८ वरून ६ सेंमीवर आली आणि तो हवा ओढायला लागला. तोवर १० लिटर वर गेलं. टाकी पावणेदोन सेंमी चढली, काठ तेव्हाही दोन सेंमीहून थोडा वर. बाष्पीभवनाची भरपाई टळावी म्हणून पंपाचा कप्पा मोठा करण्याचा मोह होतो. तो टाकीच्या काठापर्यंतच्या मोकळ्या जागेपेक्षा जास्त पाणी वर पाठवू शकेल इतका मोठा करू नये.

आणि ही चाचणी करून झाली की बोळा काढायला विसरू नका. इथे तो अर्धा तास तसाच राहिला होता.

२ फेब्रुवारी

टाकीत बारीक बुडबुडे, पाण्यात साखर विरघळत असल्यासारखे. सात दिवसांत कमी झाले, गेले नाहीत. नव्या प्लास्टिकवर आणि काचेवर हवा चिकटते ती चार-पाच दिवसांत सुटते, ते निराळं. हे बबल ट्रॅपमधून निसटून येत होते. २ सेंमीच्या फटीतून ताशी १६०० लिटर जायचं तर पाण्याचा वेग सेकंदाला साडेसहा सेंमी होतो आणि बारीक बुडबुडा त्याच्याबरोबर खाली खेचला जातो. फट ३ सेंमी केली तर वेग साडेचारच्या आत येतो. दोन काचा ब्लेडने सोडवून, जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, पुन्हा लावल्या. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, म्हणून खरवडण्यातच तीन तास गेले. मग पाच दिवस वाट.

९ फेब्रुवारी

बुडबुडे जवळपास गेले. संध्याकाळी कधी दिसतात ते पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरल्यामुळे. रोज दोन-अडीच लिटर पाणी उडतं आणि हे सगळं उतरणं फक्त याच कप्प्यात दिसतं, दिवसाला सुमारे ३ सेंमी. पातळी १२ च्या खाली गेली की पंपावर भोवरा होतो. कप्प्याला आतून १८ आणि १४ वर रेघा आहेत. १८ च्या वर भरायचं नाही, कारण २६ जानेवारीचा सगळा हिशेब १८ धरून आहे.

घूं असा आवाज होता, तो पंपाचा नव्हता, स्टँडच्या फळीचा होता. ताठ पाइप पंपाला थेट जोडला की पंपाची थरथर वर लाकडात जाते. पंप आणि पाइप यांच्यामध्ये १८ सेंमी मऊ सिलिकॉन नळी घातली, दोन्ही टोकांना स्टेनलेस क्लॅम्प, पंपाखाली जाड स्पंज. पाइप फळीला जिथे टेकत होता तिथलं भोक मोठं केलं. आता पंप चालू आहे का ते बघायला हात लावावा लागतो.

गेट व्हॉल्व्हचं लावणं: मूठ अष्टमांश वळसा फिरवायची आणि पाच मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं. बॉक्सची पातळी सावकाश सरकते. घाईने फिरवत राहिलात तर तासभर मागे-पुढे होत राहतं. आणीबाणीच्या पाइपात शिवणाच्या दोऱ्याइतकी धार मुद्दाम सोडली आहे. तो पूर्ण कोरडा ठेवायचा म्हटलं तर प्रवाहातला जरासाही फरक बॉक्सची पातळी वर किंवा खाली नेत राहतो. ही धार तो फरक स्वतः पोटात घेते, आणि पाइपाच्या आतल्या भिंतीला धरून उतरते म्हणून आवाज करत नाही.

१५ मार्च

रात्री बॉक्समधून सुर्र सुर्र आवाज. पातळी सायफनच्या तोंडापर्यंत उतरून तो पाण्याबरोबर हवा ओढत होता. आणीबाणीची धार बंद. पहिला हात साहजिकच गेट व्हॉल्व्हकडे जातो. तो मागे घेऊन आधी बादली धरली: १० लिटरला २९ सेकंद. पंपच कमी पाणी देत होता. उघडला तर चक्रीवर चिकट तपकिरी थर आणि जाळीत गोगलगायीचं एक बारीक शंख. जुन्या टूथब्रशने घासून परत लावला, बादली पुन्हा २२ सेकंदांत. व्हॉल्व्हला हात लावावा लागला नाही, धार आपोआप आली.

सायफनच्या तोंडावर जाळीचं टोपण आहे, तिथेही पानं साचली होती. आणीबाणीच्या तोंडावर जाळी नाही आणि बसवायचीही नाही. रिटर्न पाइपचं ६ मिमीचं भोक पाहिलं, निम्मं शेवाळाने बुजलेलं. काडीने साफ करून पंप बंद केला. २८ वर थांबलं.

मोडतोडीत गेलं ते असं: तीन मीटर पाइप, दोन एल्बो, एक युनियन, २० मिमीचा रिटर्न पाइप फिटिंगसह, सिलिकॉनची दीड नळी. आठवड्याभराचं काम होतं, ते पाच आठवड्यांवर गेलं, त्यातले निम्मे दिवस सिमेंट आणि सिलिकॉन सुकायची वाट बघण्यात. पंपाची एक चक्री आणि निपलचे दोन वॉशर जास्तीचे घेऊन दारातल्या पिशवीत टांगले आहेत.